कुलूपताईंचा बोगदा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रक्तपेढीचे संचालक, ज्यांना आम्ही तोंडावर 'साहेब' म्हणतो आणि पाठीमागेसुद्धा 'साहेब'च म्हणतो (हसू नका, खरं आहे), व्यासपीठावरील सन्माननीय डॉक्टर मंडळी, लांबलांबच्या शाखांमधून आपापल्या शीतपेट्या दुसऱ्यांच्या भरवशावर सोडून आलेले सहकारी, ताईंचे यजमान, पहिल्या रांगेत ऐसपैस बसलेल्या ताईंच्या सासूबाई, आणि आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना मान वर करून बसा असं दोनदा सांगूनही ज्या खाली मान घालून बसल्या आहेत, त्या आमच्या ताई, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

घरून निघताना माझ्या नवऱ्यानं मला बजावलं, "व्यासपीठावर रडू नकोस." त्या बिचाऱ्याला कल्पना नाही. धोका रडण्याचा नाहीये, हसण्याचा आहे. निरोपाच्या दिवशी बोलणारीनं फिदीफिदी हसणं शोभत नाही हे मला कळतं, पण ताईंबद्दल बोलायला तोंड उघडलं की माझं असंच होतं. तेव्हा आधीच सांगून ठेवते. मध्येच थांबले तर गळा दाटून आला असं समजा आणि टाळ्या वाजवा.

ताईंना आपण सगळे कुलूपताई म्हणतो. हे नाव कुणी ठेवलं याचा शोध लागलेला नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नाव मात्र चपखल. कार्यालयातून उठताना संगणक बंद केला नाही तर ताई तो बंद करणार. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवला तर ताई ती चिठ्ठी चावून खातील की काय अशी भीती वाटावी, असा चेहरा करणार. म्हणून मी एकदा त्यांच्या सासूबाईंना विचारलं, "घरीही असंच असतं का हो?" सासूबाई म्हणाल्या, "अगं, घराचं दार उघडं टाकून जाते ती. कुलूप मी लावते." बघा, म्हणजे कुलपाची सगळी पुण्याई कार्यालयातच खर्च झाली.

आता ज्यांना ताईंचं काम नेमकं काय ते माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या सगळ्या शाखांच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये जमा होतात. कुणी रक्त दिलं, त्याचा फोन नंबर, त्याच्या तपासण्या, त्याला कुठला आजार निघाला का, कुठली पिशवी कुठल्या शाखेत आहे, सगळं. हा डेटाबेस आपल्या इमारतीत नाही. तो दुसऱ्या शहरातल्या एका यंत्रगृहात आहे. ताई त्याच्या राखणदार. आणि माझं खातं अहवालाचं. त्या डेटाबेसमधून आकडे काढायचे आणि ते रंगीत पट्ट्यांच्या रूपानं दालनातल्या मोठ्या पडद्यावर दाखवायचे. कुठल्या गटाच्या पिशव्या कुठे आहेत, कुठल्यांची मुदत संपत आली आहे, हे एका नजरेत कळावं म्हणून. साहेबांचा त्या पडद्यावर फार जीव. सकाळी आले की आधी पट्ट्यांना भेटतात, मग आम्हाला.

तर हे आकडे तिथून इथे येत कसे होते? इथेच खरी गोम होती. ज्या ठेकेदारानं हा पडदा बसवला, त्यानं सोपं करायचं म्हणून डेटाबेसचं एक दार इंटरनेटवर सरळ उघडं ठेवलं होतं. माझा संगणक जाऊन ते दार वाजवायचा, पासवर्ड सांगायचा आणि आकडे घेऊन यायचा. पण रस्त्यावरचं दार म्हटलं की ते कुणीही वाजवू शकतो. ताई पहिल्यापासून म्हणत होत्या, हे दार बंद करा, आपण बोगदा खणू. त्यासाठी लागणारं मधलं मशीनही त्यांनी यंत्रगृहात मांडून ठेवलं होतं. साहेब म्हणायचे, "करू या ताई, जरा हा महिना जाऊ दे." महिने जात होते. महिन्यांना काय, जाण्याखेरीज दुसरं काम नसतं.

आणि मग तो दिवस आला. आपल्याला नवी शीतगृहं देऊ शकतील असे मोठे पाहुणे रक्तपेढी बघायला यायचे होते. दालन घासूनपुसून ठेवलेलं. साहेब नवा पांढरा कोट घालून आलेले. पडद्यावर पट्ट्या झळकत होत्या आणि मी त्यांच्याकडे, लेकीला बघायला पाहुणे यायचे असताना आईनं बघावं तशी कौतुकानं बघत उभी होते. तेवढ्यात पट्ट्या गेल्या. सगळ्या. पांढरा पडदा आणि खाली बारीक अक्षरात 'संपर्क होऊ शकत नाही'.

मी धावत ताईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "ताई, काहीतरी तुटलं."

"तुटलं नाही. मीच यंत्रगृहाला सांगून दार बंद करायला लावलं," ताई म्हणाल्या.

त्यांनी मला त्यांचा पडदा दाखवला. दार वाजवणाऱ्यांची नोंद त्यावर भराभर वर सरकत होती. कुणीतरी सकाळपासून पासवर्डांवर पासवर्ड टाकून बघत होतं. आणि ते आता अंदाजपंचे राहिलं नव्हतं. आम्ही ज्या खात्यानं डेटाबेसमध्ये शिरायचो, त्याचं नाव त्यांना सापडलं होतं. उरला होता फक्त पासवर्ड. तो ठेकेदारानं ठेवलेला. काय होता ते भर सभेत सांगत नाही, पण इथल्या सासूबाईंनाही तो चहा पिता पिता ओळखता आला असता.

मी म्हटलं, "साहेबांना विचारलंत?"

ताई म्हणाल्या, "विचारून बंद करायला वेळ नव्हता. बंद करून सांगायला आहे. चल."

साहेब फाटकाशी उभे होते. ताईंनी त्यांना तिथेच गाठलं आणि सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा कोटापेक्षा पांढरा झाला. ते म्हणाले, "ताई, तासाभरासाठी उघडा. पाहुणे पडदा बघतील, जातील, मग कायमचं बंद करा."

ताईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, पट्ट्या गेल्या तर परत येतात. लोकांची नावं आणि आजार एकदा बाहेर गेले की परत आणता येत नाहीत. लोक आपल्याला रक्त देतात, त्याबरोबर हेही विश्वासानं देतात."

मंडळी, साहेब इथेच बसले आहेत म्हणून सांगत नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं ताईंना त्या क्षणी झापलं असतं. साहेबांनी एकदा पाहुण्यांच्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "बोगद्याला किती वेळ लागेल?"

"लगेच सुरू करते."

"मग करा. पाहुण्यांना मी सांभाळतो."

त्यांनी पाहुण्यांना कसं सांभाळलं याची एक वेगळी सभा भरवावी लागेल. आधी शीतपेट्या दाखवल्या. मग रक्तदात्यांची विश्रांतीची खोली. मग पुन्हा त्याच शीतपेट्या, या खेपेला दुसऱ्या बाजूनं. एका पाहुण्यांनी विचारलं म्हणे, "ही आपण मघाशी पाहिली ना?" साहेब म्हणाले, "मघाशी बंद पाहिली. आता उघडून दाखवतो."

इकडे मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. कारण त्याच सुमारास डोंगराच्या पायथ्याच्या इस्पितळातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एक बाई बाळंतीण झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा रक्तगट दुर्मीळ, निगेटिव्ह. त्यांच्याकडची शेवटची पिशवी लावून झाली होती. त्या म्हणाल्या, "तुमच्या पडद्यावर बघून सांगा, जवळात जवळ कुठे आहे?"

आणि पडदा पांढरा.

आमच्या कार्यालयात फोन सांभाळणारे भाऊ लगेच एकेका शाखेला फोन लावत सुटले. एक शाखा लागेना. दुसरीतला माणूस म्हणाला, "थांबा, मोजून सांगतो," आणि मोजायला गेला तो गेलाच. तिसरीत त्या गटाचं काहीच नव्हतं. दालनातल्या माझ्या संगणकाशी ताई उभ्या, मी त्यांच्या शेजारी. खरं सांगते, माझ्या मनात आलं, आत्ता ते जुनं दार उघडावं आणि चटकन बघून घ्यावं. ताईंनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "भाऊंना फोन थांबवू नका म्हणावं. आपण आपलं काम करू. बस इथे."

बोगदा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. डेटाबेसचं रस्त्यावरचं दार पुरतं बुजवून टाकायचं. पुढे एक मधलं मशीन चौकीसारखं उभं करायचं. बाहेरून यायचं तर फक्त त्या चौकीवर. आपल्या संगणकापासून चौकीपर्यंत जे जाईल येईल, ते सगळं अशा सांकेतिक रूपात की वाटेत कुणी कान लावला तरी त्याला नुसती खरखर ऐकू यावी. आणि चौकीवर पासवर्ड चालत नाही. आपण एक जोडी बनवायची, कुलूप आणि किल्ली. कुलूप चौकीवर नेऊन लावायचं. किल्ली आपल्या संगणकातून बाहेर काढायची नाही. चौकीवाला कुलूप पुढे करतो, आपली किल्ली लागली तरच आत घेतो. मग चौकीवरून पलीकडे डेटाबेस.

माझ्या संगणकात जोडी तयार झाली. कुलूप यंत्रगृहात पोचलं. यंत्रगृहातले काका आज इथे आले आहेत. काका, जरा उभे राहा. हे ते काका. यांच्या भरदार आवाजावरून आम्ही सगळ्यांनी एका पहिलवानाची कल्पना केली होती. आज दारात पाहिलं तर भाऊ त्यांना म्हणाले, "काका कुठे आहेत?" काका म्हणाले, "मीच काका." बसा काका, आभारी आहे.

तर काकांनी ते कुलूप चौकीवर लावलं. ताईंनी जोडणी सुरू केली आणि पडद्यावर प्रश्न आला. या मशीनशी तुमची पहिलीच भेट आहे, याच्या अंगठ्याचा ठसा असा असा आहे, तुम्ही याला ओळखता का? खाली अक्षरांची लांबलचक माळ. मी असे प्रश्न वाचत नाही. 'हो' म्हणते आणि पुढे जाते. तुम्हीही तेच करता, उगाच माना हलवू नका. ताईंनी फोन उचलला. "काका, तुमच्या बाजूनं चौकीचा ठसा वाचा."

काका वाचू लागले. सावकाश, एकेक अक्षर. "मोठा बी, बायकोतला बी. छोटा एम, मांजरातला एम. मग टी, टोपीतला."

ताई थांबल्या. "काका, टी?"

"टी. टोपीतला."

"माझ्याकडे क्यू आहे."

भाऊ दारातून सांगत होते, डॉक्टरीणबाई पुन्हा विचारताहेत. मी म्हटलं, "ताई, काकांचं काहीतरी चुकलं असेल. हो म्हणा ना."

ताई म्हणाल्या, "काका चुकले असतील तर आपला एक मिनिट जाईल. काका बरोबर असतील तर सगळं जाईल. काका, पुन्हा पहिल्यापासून."

काकांनी पुन्हा वाचलं. टोपी ती टोपीच. तेव्हा ताईंनी चौकीचा पत्ता, म्हणजे नुसत्या आकड्यांची एक ओळ, तपासला. कागदावरचा पत्ता मीच वाचून दाखवला होता, आणि त्या छपाईत सात आणि एक जुळे भाऊ दिसत होते. आम्ही भलत्याच मशीनच्या दारात उभे होतो. ते कुणाचं, देव जाणे. भल्या माणसाचंही असेल. पण त्याला ओळखलं म्हणून आत शिरलो असतो, तर डेटाबेसचा पासवर्ड त्याच्या हातात ठेवला असता, आणि तोही आपल्या हातानं.

पत्ता दुरुस्त झाला. ठसा नव्यानं आला. काकांनी बायको, मांजर, टोपी सगळं पुन्हा वाचलं, आणि शेवटच्या अक्षरापर्यंत ताई बोट ठेवून जुळवत गेल्या. मग म्हणाल्या, "हो. ओळखते."

बोगदा उघडला. ताईंनी माझ्या अहवालाच्या यंत्रणेला सांगितलं, यापुढे लांब जायचं नाही, आपल्याच संगणकाचं एक आतलं दार वाजवायचं. तिथून बोगदा तुला पोचवेल. खातंही नवं दिलं, फक्त वाचता येईल, काही बदलता येणार नाही असं. मी कळ दाबली. आणि मंडळी, पट्ट्या आल्या. एकेक करून, पाण्यातून वर यावं तशा. मी त्यांच्याकडे बघायचं सोडून ताईंना मिठी मारली. ताई म्हणाल्या, "मिठी नंतर. निगेटिव्ह बघ."

डोंगरापलीकडच्या शाखेच्या पुढे एक छोटीशी पट्टी होती. त्या गटाच्या पिशव्या तिथे होत्या, मुदतीतल्या. आणि ती शाखा त्या इस्पितळाला सगळ्यात जवळची. तीच, जिचा फोन लागत नव्हता. मी भाऊंकडे बघितलं. भाऊ म्हणाले, "फोन काढून ठेवलेला दिसतोय." पण आमचे भाऊ म्हणजे असामी. त्यांना आठवलं, त्या शाखेच्या खाली एक शिलाई यंत्रं दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत, पूर्वी कधीतरी त्यांचा नंबर घेतला होता. भाऊंनी त्यांना फोन लावला. ते गृहस्थ हातातलं यंत्र टाकून जिना चढून वर गेले आणि दारातून म्हणाले, "तुमचा फोन पालथा पडलाय, आणि एका बाईला रक्त हवंय."

गाडी निघाली. त्यानंतर आम्हाला करण्यासारखं काही नव्हतं. ताई पहिल्यांदाच खुर्चीत टेकल्या. त्या म्हणाल्या, "दार बंद केलं तेव्हा ही बाई माझ्या डोक्यात नव्हती गं. मला तिची माहिती नव्हती. तिला काही झालं असतं तर?" मी म्हटलं, "ताई, बंद केलं नसतं तर?" आम्ही नुसत्या पट्टीकडे बघत बसलो.

तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन दालनात शिरले. शीतपेट्यांची तिसरी फेरीही संपली असावी. पडद्यावर पट्ट्या बघून साहेबांनी जो श्वास सोडला तो मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. पाहुण्यांनी विचारलं, "हे आकडे येतात कुठून?" साहेब छाती काढून म्हणाले, "बोगद्यातून." त्यातल्या एका वयस्कर बाईंनी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं.

मग भाऊ फोन घेऊन धावत आले. डॉक्टरीणबाईंनी निरोप दिला होता, रक्त पोचलं, लावलं, रक्तस्राव आटोक्यात आला, आई आणि बाळ दोघंही ठीक. साहेबांनी ते पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली आणि निम्म्यावर त्यांना पुढचं बोलता येईना. रात्र जागून पाठ केलेलं भाषण होतं, ते राहूनच गेलं. पाहुण्यांनी ते मागितलंही नाही. त्यांनी ताईंना खुर्ची दिली आणि बोगदा समजावून घेतला. नवी शीतगृहं आपल्याला मिळाली, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

त्यानंतर प्रत्येकाला बोगद्याचं वेड लागलं. ज्याला त्याला आपली जोडी हवी. साहेबांनीही करून घेतली. पण गडबडीत कुलूप ताईंना पाठवायच्या ऐवजी त्यांनी किल्ली पाठवली, तीही कार्यालयाच्या समस्त गटावर, वर 'शुभ सकाळ' लिहून. ताईंनी उत्तर दिलं, "साहेब, वाटायचं ते कुलूप. किल्ली नाही. आता नवी जोडी करा." आणि आमच्या साहेबांचा मोठेपणा असा की नवी जोडी करून त्यांनी गटावर लिहिलं, "या खेपेला किल्ली माझ्याकडेच आहे. कुणी मागू नये."

घरीही ताईंनी हे काम समजावलं होतं म्हणे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवसभर बोगदे खणतेस, मग हातांना माती कशी नाही?" ताईंचे यजमान मला सांगत होते, ताईंनी उठून हात धुतले.

आता आजचं सांगते आणि थांबते. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मला दिसलं.

आज सकाळी ताई माझ्या टेबलाशी आल्या. गेली काही वर्षं त्यांनी चौकीचं सगळं काम मला शिकवलं आहे आणि आजपासून ते माझ्याकडे आहे. त्या म्हणाल्या, "माझं कुलूप चौकीवरून काढ."

मी म्हटलं, "काढू हो ताई. उद्या काढते. आज तुमचा समारंभ आहे."

"उद्या मी इथली नाही. जो इथला नाही त्याची किल्ली इथे लागता कामा नये. काढ."

मी उगाच कागद सारखे केले. पाणी प्यायले. ताई उभ्याच. शेवटी मी चौकीवर गेले, त्यांच्या नावाच्या कुलुपाची ओळ शोधली आणि पुसली. बोट उचलायला मला वेळ लागला, कबूल करते.

ताई तडक आपल्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. त्यांनी आपल्या संगणकावरून चौकी उघडायचा प्रयत्न केला. ज्या चौकीचा प्रत्येक खिळा त्यांनी ठोकला होता, तिनं त्यांना दोन शब्दांत सांगितलं, 'परवानगी नाही.'

मला वाटलं, आता बाई रडतील. ताईंनी ते दोन शब्द वाचले, पुन्हा एकदा करून बघितलं, पुन्हा तेच. आणि त्या हसायला लागल्या. खुर्ची हलेपर्यंत हसल्या. मग त्यांनी काकांना फोन लावला. काका तेव्हा इथे यायच्या गाडीत होते. ताई म्हणाल्या, "काका, मला आत घेतलं नाही."

काका म्हणाले, "अभिनंदन ताई."

एवढंच दोघांचं बोलणं झालं. ताईंनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "चांगलं बंद होतंय गं. आता मी निवांत जाते."

ताई, निवांत जा. सासूबाईंना कुलूप लावायला मदत करा.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे, उशीर सोसल्याबद्दल अध्यक्षांचे, आणि मी हसत असताना वेळेवर टाळ्या वाजवल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, कुणाची थट्टा जरा पुढे गेली असेल, तर लहान तोंडी मोठा घास म्हणून ते पोटात घाला, आणि मला आता खाली बसायची परवानगी द्या.

नमस्कार.